घरांमधला रस्ता आणि वाहनांचा वेग : एक अभ्यास

आपल्या वसाहतीचा आतला रस्ता काँक्रीटचा व्हावा म्हणून मंडळाने किती अर्ज केले आणि प्रभाग कार्यालयात किती खेटे घातले, हे जुन्या सभासदांना आठवत असेलच. डांबरी रस्ता होता तेव्हा पावसाळ्यात खड्डा कुठला आणि रस्ता कुठला ते कळत नसे. बाळंतपणाला निघालेल्या सुनेला घेऊन जायला रिक्षावाले आत यायला तयार होत नसत. शेवटी रस्ता झाला. नारळ आपण फोडत नाही, पण त्या दिवशी विहारासमोर पेढे वाटले गेले. आज त्याच गुळगुळीत रस्त्यावर संध्याकाळच्या वेळी लहान मूल एकटे सोडायला आईची छाती होत नाही. खड्ड्यांनी जे काम फुकटात केले होते, ते आता कोणीच करीत नाही.

मागच्या वर्षी रविवारच्या धम्मवर्गाला निघालेली सात वर्षांची मुलगी विहाराच्या फाटकापासून वीस पावलांवर मोटारसायकलखाली सापडली. मांडीचे हाड मोडले. कित्येक आठवडे ती प्लास्टरमध्ये पडून होती. ती वाचली, हे आपले भाग्य म्हणायचे. मोटारसायकल चालवणारा मुलगा कोणी परका नव्हता. त्याचे आईवडीलही याच विहारात वंदनेला येतात. त्या रात्री दोन्ही घरांत कोणी जेवले नाही.

त्यानंतर मंडळाची जी बैठक झाली, तीत तीन मते पडली. एक मत, पोलिसांत द्या. दुसरे मत, उद्याच्या उद्या सिमेंट आणून रस्त्यावर आडवा उंचवटा घाला. तिसरे मत, आपल्या मुलांना वळण लावा. तिन्ही मतांत काही तथ्य होते, पण वाहने नेमकी किती वेगाने जातात, कोणाची जातात आणि कशामुळे जातात, हे त्या बैठकीत एकालाही सांगता आले नाही. सांगता आले नाही त्यांत मीही होतो, आणि माझी तर नोकरी रस्त्यांच्या कामांवर गेली. म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने हा विषय थोडा अभ्यासून मांडावा असे वाटले.

अंतरघर

प्रथम धम्माच्या बाजूने पाहू. भगवान बुद्धांच्या काळी मोटारी नव्हत्या, हे खरे. पण माणसाच्या येण्याजाण्याने दुसऱ्या जिवाला इजा होऊ नये, हा विचार विनयात ठिकठिकाणी आढळतो. आपण दरवर्षी वर्षावास पाळतो. त्याचा नियम कसा झाला हे विनयपिटकातील महावग्गात दिले आहे. भिक्खू हिवाळ्यात, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यातही सारखी चारिका करीत. पावसाळ्यात त्यांच्या पायांखाली कोवळे गवत आणि बारीक जीव तुडवले जात. लोकांनी याबद्दल तक्रार केली. पावसात पक्षीसुद्धा घरटी करून एका जागी राहतात, मग हे श्रमण का फिरतात, असे लोक बोलू लागले. ही गोष्ट तथागतांच्या कानावर गेली आणि त्यांनी भिक्खूंना पावसाळ्यात एका ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला. यात दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. फिरणारे भिक्खू होते, म्हणजे सत्कार्यासाठी फिरणारे होते, तरीही त्यांच्या फिरण्याला मर्यादा आली. आणि ही मर्यादा ज्यांच्या दारावरून ते जात, त्या सामान्य लोकांच्या तक्रारीवरून आली.

दुसरा संदर्भ पातिमोक्खातील सेखिय नियमांचा. हे ७५ नियम आहेत. त्यांतील सुरुवातीच्या नियमांत ‘अंतरघर’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. अंतरघर म्हणजे घरांच्या मधली जागा, वस्तीच्या आतला भाग. अंतरघरात जाताना भिक्खूने संयत असावे, नजर खाली असावी, मोठ्याने हसू नये, हातवारे करीत, अंग हलवीत चालू नये, असे हे नियम आहेत. वेगाविषयी त्यांत शब्द नाही आणि तो ओढून आणण्याचा माझा विचार नाही. पण रानातल्या वाटेने चालणे वेगळे आणि लोकांच्या घरांमधून चालणे वेगळे, हा भेद त्यांत स्पष्ट केला आहे. अंतरघर ही वाट असली तरी ती तिथे राहणाऱ्यांची आहे. जो तिच्यातून जातो तो पाहुणा आहे.

पंचशीलातील पाचवे शील आपण रोज म्हणतो. मद्यपानापासून अलिप्त राहण्याचे शील, एवढाच अर्थ आपण त्याचा घेतो. त्या शीलातील ‘पमादट्ठान’ हा शब्द मात्र घाईत निसटतो. मद्य वर्ज्य का, तर ते प्रमादाचे, म्हणजे बेसावधपणाचे ठिकाण आहे म्हणून. धम्मपदाचा दुसरा वग्ग अप्पमादवग्ग आहे आणि महापरिनिर्वाणापूर्वीचा तथागतांचा शेवटचा उपदेशही अप्रमादाचाच आहे. एका हातात मोबाईल धरून गल्लीतून मोटारसायकल हाकणारा तरुण दारूच्या थेंबालाही शिवलेला नसेल, पण प्रमादाच्या ठिकाणी तो उभा आहेच.

वेगाचे गणित

आता व्यवहाराकडे वळू. ‘गाडी जोरात होती’ या वाक्यातून काही कळत नाही. आकडे पाहिले म्हणजे समजते.

समोर मूल दिसले की चालकाच्या डोळ्यांना ते दिसणे, मनाला उमगणे आणि हातपाय ब्रेकवर जाणे यात साधारण एक सेकंद जातो. तेवढ्या वेळात गाडी आहे त्याच वेगाने पुढे जात राहते. त्यानंतर ब्रेक लागतो आणि गाडी घसरत थांबते. रस्ता कोरडा आणि ब्रेक उत्तम आहेत असे धरले, तर ताशी ३० किलोमीटर वेगाची मोटार विचारात सुमारे ८ मीटर आणि ब्रेकमध्ये ५ मीटर, अशी एकूण १३ मीटरमध्ये थांबते. ताशी ४० ला हेच अंतर सुमारे २० मीटर होते. ताशी ५० ला १४ आणि १४ मिळून २८ मीटर. वेग ३० वरून ५० वर, म्हणजे दुपटीहूनही कमी वाढला, पण थांबण्याचे अंतर दुपटीहून जास्त वाढले. याचे कारण असे की ब्रेकचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

हे आपल्या गल्लीत आणून पाहा. १३ मीटर म्हणजे आपल्या जुन्या बैठ्या चाळीतल्या चार खोल्यांची लांबी. चार खोल्या पलीकडे उभ्या टेम्पोआडून चेंडूमागे एक मूल धावत रस्त्यावर आले. ताशी ३० ने येणारी मोटार त्याच्या अगदी जवळ येऊन थांबेल. चालक शिव्या देईल, आई मुलाला धपाटा घालेल आणि प्रकरण मिटेल. ताशी ४० ने येणाऱ्या मोटारीचा ब्रेक नुकताच लागलेला असेल आणि ती ताशी ३५ च्या आसपास वेगाने मुलावर आदळेल. ताशी ५० ने येणाऱ्या मोटारीच्या चालकाचा पाय तोवर ब्रेकवर पोहोचलेलाच नसेल. ती पुऱ्या ५० च्या वेगाने आदळेल. तोच रस्ता, तेच मूल, तेवढाच सावध चालक. फरक पडतो तो फक्त काट्यावरच्या आकड्याचा.

आदळणे म्हणजे काय, तेही समजून घेऊ. ताशी ३० चा वेग म्हणजे साडेतीन मीटर उंचीवरून खाली पडताना जमिनीपाशी जो वेग येतो तेवढा. साधारण पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून पडण्यासारखे. हाड मोडेल, पण माणूस बहुधा वाचेल. ताशी ५० चा वेग म्हणजे जवळजवळ दहा मीटर, तिसऱ्या मजल्यावरून पडल्यासारखे. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीला आपण लोखंडी जाळी बसवून घेतो. रस्त्याला मात्र आपण मोकळे सोडले आहे.

मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. येणारी गाडी किती लांब आहे आणि किती जोरात येते, या दोन्हींचा मेळ घालण्याची शक्ती लहान मुलाच्या मेंदूत पुरती आलेली नसते. ‘बघून रस्ता ओलांड’ असे आपण सात वर्षांच्या मुलाला बजावतो. ते बघतेही, पण त्याला अंदाज येत नाही. त्याची उंची कमी असल्याने उभ्या गाड्यांमागे ते चालकालाही दिसत नाही. म्हणून सारा भार मुलावर टाकणे हा अन्याय आहे.

मग एवढा धोका पत्करून वाचते काय? नाक्यापासून शेवटच्या इमारतीपर्यंत आपला रस्ता साधारण ४०० मीटर. ताशी ५० ने तो २९ सेकंदांत संपतो, ताशी ३० ने ४८ सेकंदांत. फरक १९ सेकंदांचा. घरी पोहोचल्यावर चप्पल काढून एक तांब्याभर पाणी प्यायला याहून जास्त वेळ लागतो.

देशाचे चित्रही पाहून ठेवावे. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या एका वर्षात भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. एकूण मृत्यूंपैकी ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यूंचे कारण अतिवेग असे नोंदले आहे. पायी कोण चालतो? ज्याच्याकडे वाहन नाही तो. शाळेत जाणारे मूल, कामाला जाणारी बाई, पेन्शन आणायला निघालेला म्हातारा. रस्त्यावरचा वेग हा विषय कोणाच्या जिवाचा आहे, हे यावरून उघड व्हावे.

रस्त्यावर चालण्याचा हक्क आपल्या समाजाला कोणी दान दिलेला नाही. केरळात वायकोम येथे १९२४-२५ साली सत्याग्रह झाला तो मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून चालता यावे एवढ्यासाठी. तो हक्क कागदावर मिळून आज पाऊण शतक उलटले. आता जात विचारून कोणी अडवत नाही. पण भीतीने मूल घरात कोंडून राहत असेल, तर तो रस्ता त्याला मोकळा आहे असे कसे म्हणावे?

अंगण परत मिळवलेला देश

अंतरघर ही कल्पना आधुनिक काळात एका देशाने प्रत्यक्ष रस्त्यांवर उतरवली. तो देश नेदरलँड, म्हणजे हॉलंड. तिथे १९७१ साली रस्ते अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसे मेली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. देश लहान, त्यामुळे हा घाव घरोघरी पोहोचला. आईबाप रस्त्यावर आले. ‘मुलांची हत्या थांबवा’ अशा अर्थाच्या नावाची चळवळच उभी राहिली. अपघात म्हणायला त्यांनी नकार दिला, हत्या म्हटले.

त्याच सुमारास डेल्फ्ट नावाच्या गावात वस्तीतले रस्ते नव्या पद्धतीने बांधायला सुरुवात झाली होती. या रस्त्यांना ते ‘वूनेर्फ’ म्हणतात. शब्दशः अर्थ, राहण्याचे अंगण. १९७६ साली याला तिथल्या कायद्यात स्थान मिळाले. या अंगणात फूटपाथ आणि रस्ता वेगळा नसतो. पायी चालणाऱ्याला पूर्ण रुंदी वापरता येते, मुलांना खेळता येते, आणि वाहनाने माणसाच्या चालीने जायचे असते. यातली खरी खुबी पाटीत नाही, बांधणीत आहे. झाडे, बाके आणि गाड्या उभ्या करण्याच्या जागा अशा मांडतात की सरळ लांबवर नजर जात नाही आणि वेग घ्यावा असे चालकाला वाटतच नाही. पुढे जर्मनीत १९८३ पासून आणि ऑस्ट्रियातील ग्राझ शहरात १९९२ पासून वस्तीच्या रस्त्यांना ताशी ३० ची मर्यादा आली. २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात तर पायी माणसे आणि वाहने जिथे मिसळतात तिथे ताशी ३० हीच कमाल मर्यादा असावी असे अनेक देशांनी मिळून म्हटले.

आता कोणी म्हणेल, हॉलंड कुठे आणि आपण कुठे. पण खरे सांगायचे तर आपल्या गल्ल्या मुळात अंगणेच होत्या. कुरडया-पापडांची वाळवणे, उन्हाळ्यातल्या बाजा, लगोरी, हळदीचा मांडव, जयंतीची सजावट, सगळे रस्त्यावरच चाले. सायकलवालासुद्धा घंटी वाजवीत, वाळवण चुकवीत हळू जाई. ते अंगण आपल्या डोळ्यांदेखत गेले. अर्धे उभ्या गाड्यांनी घेतले, अर्धे पळणाऱ्या गाड्यांनी.

गतिरोधक : किती आणि कसा

लोकांच्या मनात पहिला उपाय येतो तो गतिरोधकाचा, म्हणून त्याबद्दल जरा विस्ताराने लिहितो.

आपल्याकडे रात्रीतून जो गतिरोधक उगवतो, तो वीतभर उंच आणि हातभर रुंद असा सिमेंटचा बांध असतो. त्यावर रंग नसतो, अलीकडे पाटी नसते. अशा बांधावर मोटारीचे पोट घासते, रिक्षातल्या गर्भवतीला आणि मणक्याच्या रुग्णाला यातना होतात, रुग्णवाहिकेला थांबावे लागते, आणि रात्री दिवा नसेल तर दुचाकीवाला उडून पडतो. शिवाय ज्याच्यासाठी खटाटोप केला तो मोटारसायकलवाला गटाराच्या कडेने, दोन फुटांच्या फटीतून, वेग न कमी करता निघून जातो. पावसाळ्यात पाणी अडून ज्याच्या घरात शिरते, तो मग पहार घेऊन अर्धा बांध फोडतो. हे सारे आपण पाहिलेले आहे. परवानगीशिवाय घातलेल्या अशा बांधावर कोणी जखमी झाले, तर घालणाऱ्यांच्या मागे चौकशी लागते, तीही वेगळीच.

इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्त्यांची मानके ठरवणारी देशातली संस्था. तिने १९८८ साली लहान रस्त्यांवरील गतिरोधकांसाठी ‘आयआरसी ९९’ ही मार्गदर्शिका काढली आणि २०१८ साली ती सुधारून विस्तृत केली. त्यात गोल पाठीच्या गतिरोधकाचे माप दिले आहे : रुंदी, म्हणजे वाहन जाण्याच्या दिशेची लांबी, ३.७ मीटर आणि मध्यावर उंची १० सेंटिमीटर. असा गतिरोधक ताशी २५ च्या आसपास वेगाने, धक्का न बसता ओलांडता येतो. त्याहून जोरात गेले की गाडी उडते. म्हणजे तो सावकाश जाणाऱ्याला शिक्षा करीत नाही, घाई करणाऱ्यालाच करतो. हा आकार इंग्लंडमध्ये १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रयोग करून ठरवला गेला. आपल्या बारा फुटी गतिरोधकाचे मूळ तिथले आहे.

एकटा गतिरोधक फारसा उपयोगी नसतो, हेही लक्षात ठेवावे. तो ओलांडला की चालक राग काढल्यासारखा वेग घेतो. म्हणून ते १०० ते १२० मीटर अंतराने ओळीने असावेत असे मार्गदर्शिका सांगते. म्हणजे आपल्या ४०० मीटरला तीन पुरेत. दाराशी एक मागणारे सात-आठ अर्ज मंडळाकडे आले आहेत, त्या सर्वांना नम्र विनंती की हे गणित पाहावे. गतिरोधकाला लागून घर असणाऱ्याला रात्रभर ब्रेकचा आणि गिअरचा आवाज ऐकावा लागतो. तेव्हा आपल्याच दारासमोर तो मागण्यापूर्वी एकदा विचार करावा. काळे-पांढरे पट्टे, अलीकडे सूचनेची पाटी आणि वर दिवा, या तीन गोष्टींशिवाय गतिरोधक घेऊ नये. रबराचे तुकडे नटबोल्टने ठोकलेले गतिरोधक तर मी तरी मागणार नाही. वर्षभरात तुकडे निघून जातात आणि टायर फाडायला बोल्ट मागे राहतात.

माझ्या मते विहाराच्या फाटकासमोर साध्या गतिरोधकापेक्षा उंच केलेला सपाट पादचारी पट्टा अधिक चांगला. मुले आणि म्हातारी माणसे त्यावरून फूटपाथच्या पातळीत सरळ ओलांडतात आणि वाहन त्यांच्या पातळीवर चढून येते. कोण पाहुणा आणि कोण घरचा, हे बांधकामच सांगते. शिवाय नाक्यावर रस्त्याचे तोंड दोन्ही बाजूंनी थोडे आवळले आणि तिथे दोन झाडे लावली, तर मुख्य रस्त्यावरून भरधाव वळणारी गाडी तोंडाशीच हळू होईल. याला खर्चही फार नाही.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११२ मध्ये वेगमर्यादेची तरतूद आहे. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत महापालिका हद्दीतील रस्त्यांसाठी मोटारीला ताशी ७० आणि मोटारसायकलला ताशी ६० अशी कमाल मर्यादा दिलेली होती. हे आकडे मोठ्या रस्त्यांचा विचार करून आलेले आहेत. वस्तीच्या गल्लीला ते लावणे वेडेपणाचे ठरेल. त्याच कलमात यावर उपायही आहे. लोकांच्या सुरक्षिततेसाठी किंवा रस्त्याच्या स्वरूपामुळे गरज असेल, तर राज्य सरकार किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी अधिसूचना काढून आणि कलम ११६ प्रमाणे फलक लावून त्या रस्त्यापुरती कमी मर्यादा ठरवू शकतो. म्हणून आपण रंगवलेल्या ‘वाहने सावकाश हाका’ या पाटीला कायद्याचे बळ नाही. लाल वर्तुळात ३० लिहिलेल्या अधिकृत फलकाला आहे. अर्ज करायचा तो त्या फलकासाठी, वाहतूक शाखेकडे, आणि गतिरोधकासाठी पालिकेकडे. दोन्हींची प्रत एकमेकांना द्यावी, नाहीतर दोघेही दुसऱ्याकडे बोट दाखवतात. हा अनुभव नवीन नाही.

कलम १८४ धोकादायक पद्धतीने वाहन चालवण्याचे आहे. त्यात सर्व परिस्थिती लक्षात घेऊन वेग धोक्याचा होता का, हे पाहिले जाते. म्हणजे शाळा सुटण्याच्या वेळी गल्लीतून ४० ने जाणारा ‘मी मर्यादेत होतो’ असे म्हणून सुटू शकेलच असे नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९९ अ प्रत्येक पालकाने माहीत करून घ्यावे. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात अल्पवयीन मुलाच्या हाती असल्याचा आरोप असलेल्या महागड्या मोटारीखाली दोन तरुण जीव गेले, तेव्हा या कलमाची चर्चा सगळीकडे झाली. ती श्रीमंतांची गोष्ट म्हणून आपण वाचली. आपल्याकडे सोळा वर्षांच्या मुलाला दूध आणायला स्कूटर देतात, ती गोष्ट कोणी छापत नाही, एवढेच.

चाळीसगावचा टांगा

आता जे लिहिणार आहे ते काहींना आवडणार नाही, पण लिहिणे भाग आहे.

बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत १९२९ सालची चाळीसगावची एक हकीकत सांगितली आहे. स्टेशनवरून त्यांना वस्तीत न्यायला टांगेवाले तयार होईनात. अस्पृश्याला बसवून टांगा हाकणे त्यांना कमीपणाचे वाटत होते. शेवटी तडजोड झाली. टांगेवाला टांगा भाड्याने देईल, पण हाकणार नाही. आपल्या मोठ्या माणसाने पायी यावे हे वस्तीतल्या लोकांना सहन होण्यासारखे नव्हते. त्यांनी आपल्यातल्याच एकाला टांग्यावर बसवले. त्याला टांगा हाकण्याचा सराव नव्हता. निघून थोडे अंतर जाते न जाते तोच एका मोटारीशी टक्कर होता होता राहिली. पुढे नदीवरच्या दगडी पुलावर चाक अडकले, घोडा आणि टांगा नदीत गेले, आणि बाबासाहेब दगडांवर फेकले गेले. त्यांचा पाय मोडला. कित्येक दिवस ते अंथरुणाला खिळून होते.

या प्रसंगातला अस्पृश्यतेचा धडा आपण सर्वांनी शिकवला आहे आणि तो पहिला धडा आहेच. पण त्यात दुसरीही एक गोष्ट आहे आणि बाबासाहेबांनी ती स्वतः नोंदवली आहे. वस्तीतल्या लोकांनी पाहुण्याच्या मानाचा विचार केला, पाहुण्याच्या जिवाचा विचार करायचा राहून गेला. त्यांचे प्रेम खोटे नव्हते. त्यांच्यावर ती वेळ दुसऱ्यांनी आणली होती. आज तशी वेळ कोणी आणलेली नसताना आपण काय करतो? जयंतीच्या मोटारसायकल फेरीत एकेका गाडीवर तिघे बसतात, सायलेन्सर काढलेले असतात, हेल्मेट एकाच्याही डोक्यावर नसते, परवाना निम्म्यांकडे नसतो, आणि हातात निळा झेंडा असतो. झेंडा हाती असला म्हणजे कोणी अडवणार नाही, हे मुलांना ठाऊक असते. आपणही अडवत नाही. फेरीच्या मार्गावरच्या खिडक्यांत म्हातारी माणसे आणि तान्ही मुले आपलीच असतात.

अपघात करणारा तो मुलगा याच फेरीत गाडी पळवायला शिकला. हे मला त्याच्या वडिलांनी सांगितले. फेरी बंद करा असे माझे म्हणणे नाही. परवाना आणि हेल्मेट असलेल्यालाच फेरीत घ्यावे, आणि वस्तीच्या आत सर्वांनी गाड्या बंद करून पायी चालावे, एवढा ठराव मंडळाने करावा, अशी सूचना मी लेखी दिली आहे.

आधी मोजणी

आता बैठकीतल्या त्या तीन मतांकडे परत येऊ. कोणते बरोबर हे वाद घालून ठरणार नाही, मोजून ठरेल. कानांवर विश्वास ठेवता येत नाही. सायलेन्सर काढलेली गाडी २५ ने गेली तरी ६० ची वाटते आणि नव्या मोटारी ५० ने गेल्या तरी आवाज होत नाही.

मोजणीला यंत्र लागत नाही. रस्त्यावर खडूने दोन रेघा मारायच्या, बरोबर ५० मीटर अंतरावर. पहिल्या रेघेवर गाडीचे पुढचे चाक आले की तिथल्या माणसाने रुमाल खाली करायचा. दुसऱ्या रेघेवरच्या माणसाने रुमाल हलताच घड्याळ सुरू करायचे आणि चाक आपल्या रेघेवर आले की थांबवायचे. १८० ला सेकंदांनी भागले की ताशी किलोमीटर वेग मिळतो. सहा सेकंद लागले तर ३०, साडेचार लागले तर ४०, आणि ३.६ लागले तर ५०. हात अर्धा सेकंद मागेपुढे होतोच, तेवढ्याने ५० चे ४४ होतात. म्हणून एका गाडीवरून बोलायचे नाही. निदान शंभर गाड्यांची नोंद हवी. दुचाकी, मोटार, रिक्षा, टेम्पो असे वेगळे रकाने करावेत, आणि गाडी वसाहतीत थांबली की दुसऱ्या टोकाने बाहेर गेली, हेही लिहावे. गाडीचा नंबर मात्र लिहू नये. नंबर लिहिला की मोजणी राहते बाजूला आणि भांडण सुरू होते.

शंभर वेग लहानापासून मोठ्यापर्यंत लावले की पंच्याऐंशीवा आकडा पाहायचा. रस्त्याचे अभियंते हाच आकडा धरतात. तो जर ३० च्या आत असेल आणि वर फक्त पाच-दहा गाड्या असतील, तर रस्ता ठीक आहे आणि काम त्या पाच-दहा घरांत जाऊन बोलण्याचे आहे. तो जर ४५ निघाला, तर दोष चार मुलांचा नाही. भली माणसेसुद्धा त्या रस्त्यावर जोरात जात आहेत आणि रस्ताच तसा बांधला गेला आहे. मग उपदेशाने काही होणार नाही, पालिकेला बांधकाम बदलावे लागेल. आणि बऱ्याच गाड्या सिग्नल चुकवायला आपल्यातून आरपार जात असतील, तर एक तोंड मोटारींना बंद करण्याची मागणी करावी लागेल. तिन्ही रोग वेगळे, तिन्हींचे औषध वेगळे.

अर्जाला ही नोंद, रस्त्याचा हाताने काढलेला नकाशा, आणि सह्या जोडायच्या. सह्या केवळ मंडळाच्या सभासदांच्या नकोत. कोपऱ्यावरचा किराणावाला, मागच्या गल्लीतली मुस्लिम कुटुंबे, समोरची सोसायटी, अंगणवाडीच्या ताई, सर्वांच्या हव्यात. गाडी कोणालाच धर्म विचारत नाही.

वर्षावासातल्या उरलेल्या दोन रविवारी, वंदनेनंतर साडेआठ ते साडेनऊ आणि संध्याकाळी सहा ते सात अशी मोजणी ठेवली आहे. प्रत्येक वेळी चार माणसे लागतील. मागच्या वर्षी ज्याच्या हातून अपघात झाला, त्या मुलाने पहिल्या रविवारी रुमाल धरायला आपले नाव दिले आहे. पन्नास मीटरची टेप, खडू आणि छापील तक्ते विहारातल्या कपाटात आहेत. घड्याळ ज्याचे त्याने आणावे.